गोळीनंतरची अर्धी गोष्ट

अत्तारचाचा कुणालाही गोष्ट एका दमात पुरी सांगत नसत. कुराणातले पैगंबर अय्यूब नबी अंगभर फोडांनी भरून गावाबाहेर पडले आहेत, सगेसोयरे फिरकेनासे झाले आहेत, आणि कित्येक वर्षांनी वरून हुकूम येतो, “अय्यूब, जमिनीवर पाय आपट.” इथवर आले की चाचा थांबत. डबीतून एक गोळी काढून समोरच्या माणसाच्या तळहातावर ठेवत. त्यानं ती तोंडात टाकून पाणी प्यालं की म्हणत, “आ करा.” जिभेखाली बघत, गालाच्या आत बघत. गोळी खरोखर पोटात गेली अशी खात्री पटली की त्यांचा उजवा हात हवेत वर जाई. हातात बहुधा बँडेजची गुंडाळी असे. मग अय्यूब नबींचा पाय जमिनीवर आदळे, गार पाण्याचा झरा फुटे, नबी त्यात न्हात, ते पाणी पीत आणि त्यांची कातडी पोराच्या कातडीसारखी नितळ होई.

ही सवय त्यांना कशी लागली ते पुढे सांगतो. आधी माणूस सांगतो.

मी श्रीगोंदे तालुक्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकही झालं नव्हतं. नगरच्या कॉलेजातून मी बी.एस्सी. झालो तेव्हा वडिलांनी निकालाचा कागद घडी घालून फेट्यात ठेवला आणि दोन दिवस तो फेटा उतरवला नाही. नोकरी लागली ती कुष्ठरोग नियंत्रणाच्या कामावर, कर्जतला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. घरी मी “आरोग्य खात्यात लागलो” एवढंच सांगितलं. कुठला रोग ते सांगण्याची हिंमत झाली नाही.

आमचं युनिट म्हणजे दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्या, एक जीप, जीपचा ड्रायव्हर सायमन, मी आणि जखमांना पट्ट्या बांधणारे ड्रेसर बाबूलाल अत्तार. डॉक्टर महिन्यातून एकदा येत. मी रुजू झालो त्या सकाळी पन्नाशीतला एक उंच, हडकुळा माणूस पायरीवर बसून जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडत होता. पांढरा पायजमा, वर सरकारी खाकी कोट, डोक्यावर जाळीची टोपी. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“शिक्षण?”

“बी.एस्सी.”

“कशाकशाचं?”

“केमिस्ट्री.”

“बरं झालं. मला गेली वीस वर्षं कुणी सांगितलं न्हाई, ह्या जांभळ्या औषधाचा डाग माझ्या पायजम्यावरनं का धुवून निघत न्हाई. तुमी सांगा.”

त्या दिवसापासून मी “बीएस्सी” झालो. तीन वर्षांत त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. ‘तुमी’चं मात्र पंधरवड्यात ‘तू’ झालं.

त्यांचे वडील जत्रांमधून अत्तर विकत. चाचा म्हणायचे, “बाप लोकांना वास लावायचा, मी लोकांचा वास काढतो. धंदा घरातलाच हाय.” आणि खरोखर, ज्या जखमेजवळ बसायला रोग्याचं घरचं माणूस तयार नसे, तिच्याजवळ ते मांडी घालून बसत. मांडीवर वर्तमानपत्र पसरत, त्यावर रोग्याचा पाय घेत. टेबल-खुर्ची असली तरी वापरत नसत. मी एकदा म्हणालो, “चाचा, खुर्चीवर बसवा की त्यांना.” तर म्हणाले, “लोकांनी दहा वर्षं त्याचा पाय दारातून भाईर काढला. तो आता मांडीवर आला पायजे. खुर्चीनं त्याचं भागत न्हाई.”

या रोगात पायाची जाण जाते. काटा मोडला, निखाऱ्यावर पाय पडला तरी कळत नाही आणि जखम चिघळत राहते. म्हणून चाचांनी प्रत्येक रोग्याला एक नेम लावून दिला होता. रोज संध्याकाळी घमेल्यात गार पाणी घ्यायचं, पावलं भिजत ठेवायची, मग तेल लावून तळवे बघायचे. “आरशात तोंड बघता तसं पायाला बघा. तोंडाला काय झालंय ते कुणी बी सांगंल. पायाला तुमीच हाय.” त्या घमेल्याला त्यांनी अय्यूबचं घमेलं असं नाव दिलं होतं. दुष्काळाच्या साली विहिरींनी तळ गाठला, तरी त्यांनी हा नेम मोडू दिला नाही. “पाणी फेकू नका, त्याच पाण्यावर लिंबाचं झाड जगवा,” म्हणायचे. सीना नदीच्या काठच्या काही वस्त्यांवर खोपटांशेजारी उभे असलेले लिंब त्या घमेल्यांवर वाढलेले आहेत.

ईसा नबींची, म्हणजे येशूची, गोष्ट सांगताना सायमन जवळ असला की हमखास गंमत होई. ईसा नबींनी जन्मांधाच्या डोळ्यांवरून हात फिरवला, रगतपितीच्या, म्हणजे कुष्ठरोगाच्या, माणसाला हात लावून बरं केलं, इथपर्यंत आलं की सायमन जीपच्या बॉनेटखालून डोकं काढी.

“चाचा, तुमी आमचीच गोष्ट आमाला सांगता राव. आमच्या देवळात ह्येच सांगत्यात.”

“मग मान हलव की. खोटं सांगतोय का मी?”

“तसं न्हाई. पर पुढं लई फरक हाय तुमच्यात नि आमच्यात.”

“पुढच्यावर भांडायला सारा जन्म पडलाय. हितवर एक हाय न्हवं? मग जीप चालू कर.”

जीप बहुतेक वेळा चालू होत नसे. मग आम्ही सायकली काढत असू.

ईसा नबींच्या गोष्टीत एक गोष्ट मात्र ते कधी गाळत नसत. हात लावला आणि माणूस बरा झाला, एवढ्यावर ऐकणारा खूश व्हायचा. चाचा बोट वर करून म्हणायचे, “कुणाच्या हुकुमानं? ईसा नबी सोता म्हणाले, मी बरं करतो ते अल्लाच्या हुकुमानं. नबी असून म्हणाले! आन आपला डॉक्टर मला म्हणतो, अत्तार, माझ्या हाताला गुण हाय.” मग खो-खो हसत.

कर्जतला तेव्हा दिवेलागणीची नमाज सुटायच्या वेळेला मशिदीच्या पायरीशी बायका उभ्या राहायच्या. कुणाच्या कडेवर तापलेलं पोर, कुणाच्या हातात पाण्याचा पेला. त्यात मुसलमान बाया असत, तशा आमच्या हिंदू घरांतल्याही असत. बाहेर येणारे नमाजी जाता जाता पोरावर, पाण्यावर फुंकर मारत. चाचाही मारत. डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत काही म्हणून, मनापासून. पण इतर लोक फुंकर मारून पुढे निघून जात, चाचा तिथेच उकिडवे बसत. “ताप किती दिसाचा? ढाळ होतेत का? पोर पितंय का?” असं विचारत आणि कोटाच्या खिशातून जुन्या केसपेपरचा पाठकोरा तुकडा काढून त्यावर लिहून देत. “ह्यो कागद सकाळी दवाखान्यात दाव. ही फुंकर दवाखान्याच्या दारापतूर नेती. पुढचं काम डॉक्टरचं. आली न्हाईस तर फुंकर दारातच बसून ऱ्हाईल.”

मी ताजा पदवीधर. मला हे दोन्हीकडे पाय ठेवणं वाटायचं. एकदा धीर करून विचारलं, “चाचा, तुम्ही फुंकर मारता आणि वर गोळ्याही देता. यातलं तुम्ही खरं कशाला मानता?”

त्यांनी उलट विचारलं, “परीक्षेला जाताना आईच्या पाया पडलास का?”

“पडलो.”

“मग पेपर कोरा ठिवलास का?”

“नाही.”

“बीएस्सी, अल्लाला झरा काढायला अय्यूबचा पाय लागत हुता का? त्यानं नुसतं म्हटलं असतं तरी झालं असतं. पण त्यानं पाय आपटायला लावला. अंगात ताकद न्हाई, कातडी सोललेली, त्या माणसाला म्हणाला पाय आपट. आपलं काम तेवढंच. पाय आपटायचा. गोळी गिळायची, पट्टी बांधायची. पाणी काढणारा वर हाय.”

आता माझी एक लाज सांगतो. चाचांची एक रीत होती. वस्तीवर पट्टी बांधून झाली की हात धुवायचे आणि त्याच रोग्याकडे पाणी मागायचं. त्याच्याच भांड्यानं, भांड्याला तोंड लावून प्यायचं. मी खांद्याला पाण्याची बाटली अडकवून हिंडत असे. आमचे बहुतेक रोगी कुणाला रोग देण्यातले नव्हते, हे पुस्तकात मी वाचलं होतं, त्याच्यावर परीक्षा दिली होती. तरी कुणी तांब्या पुढे केला की माझा हात पुढे होत नसे. “आज उपास आहे,” म्हणायचो. सोमवारी म्हणायचो, चतुर्थीला म्हणायचो, कधी नुसतंच म्हणायचो. चाचांनी मला एकदाही टोकलं नाही. फक्त एकदा, एका बुधवारी परतताना सायकल माझ्या बरोबरीला आणून म्हणाले, “तुझ्या पंचांगात उपास लई दिसतेत.” आणि पुढे निघून गेले.

कौसाबाई मला भेटली ती याच दिवसांत. नदीपलीकडच्या एका वाडीतली. वाडीचं नाव लिहीत नाही. चाळिशीची, कष्टानं काटक झालेली बाई. पाठीवर आणि हातावर चट्टे, डाव्या तळव्याला भोक पडावं तशी जखम. नवऱ्यानं, किसननं, तिला घरातून काढून शेताच्या टोकाला ओढ्यापलीकडे खोपट घालून दिलं होतं. तो वाईट नव्हता. भ्यालेला होता, आणि त्याची आई त्याच्याहून जास्त भ्यालेली होती. कौसाबाईची मुलगी सुमन रोज भाकरी घेऊन यायची आणि आजीच्या धाकानं बाभळीपाशी दगडावर ठेवून उभी राहायची. मायलेकी दहा-पंधरा पावलांवरून बोलायच्या.

पहिल्याच दिवशी कौसाबाई चाचांना म्हणाली, “भाऊ, पाय ऱ्हावू नायतर जावू. माज्या सुमीच्या लग्नात मला तिला हळद लावायचीय. सोताच्या हातानं. येवढं व्हईल का?”

“व्हईल,” चाचा म्हणाले. इतक्या ठामपणे, की मीच दचकलो. मग त्यांनी तिला अय्यूब नबींची गोष्ट सांगितली. अगदी पुरी, झरा फुटून कातडी नितळ होईपर्यंत. ती ऐकताना तिचा चेहरा असा उजळला की मलाही वाटलं, अर्धा रोग इथंच गेला. मग चाचांनी तिला महिन्याच्या गोळ्या दिल्या. रोज एक.

दर महिन्याला आम्ही जायचो. तिची गोळ्यांची डबी रिकामी असायची. जखम धुऊन, पट्टी बांधून, पाणी पिऊन चाचा नवीन गोळ्या द्यायचे. आठ महिने झाले. जखम भरत आली, पण एक दिवस तिनं भाकरीचं फडकं सोडायला हात पुढे केला तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं दिसलं. असं व्हायला नको होतं. चाचा तिचा हात बघायला वाकले, ती पुढे झुकली आणि तिच्या गळ्यातलं काळं गाठोडं खुळखुळलं.

“ह्ये काय?”

“ताईत.”

“कुणी दिला?”

“तुमीच की.” तिला आमचंच नवल वाटलं. “तुमच्याच गोळ्या हायत.”

चाचांनी गाठोडं सोडलं. पांढऱ्या गोळ्या घामानं पिवळट पडलेल्या. आणखी एक पुरचुंडी छपरात खोचलेली निघाली आणि एक उंबऱ्याखाली पुरलेली.

“अगं, ह्या गिळायच्या हुत्या ना!”

“असं कसं, भाऊ? तुमीच सांगितलं न्हवं, पाय आपाटला, पानी लागलं नि समदं गेलं म्हनून? येवढं पवित्र पोटात कसं घालू? पोटात गेल्यालं काय ऱ्हातंय का? सकाळच्याला जातंय की भाईर. गळ्यात कसं, कायमचं ऱ्हातंय.”

सायमन असता तर हसला असता. मला हसू आलंच होतं. पण चाचांकडे बघितलं आणि ते विरलं. त्यांनी कौसाबाईला एका शब्दानं बोल लावला नाही. तिची ती दोन बोटं हातात घेऊन हळूहळू सरळ करून बघितली. बोटं सरळ होईनात. खालच्या मानेनं म्हणाले, “बाई, तुझी चूक न्हाई. गोष्ट मी सांगितली. गिळ म्हणून सांगायचं ते मी गोष्टीच्या नादात नीट सांगितलं न्हाई.”

परतताना ते सायकलवर बसले नाहीत. तीन मैल हातात धरून चालत आले. कर्जत जवळ आलं तेव्हा म्हणाले, “ती दोन बोटं माझी हायत, बीएस्सी. माझ्या गोष्टीनं खाल्ली.”

दुसऱ्या दिवसापासून गोष्ट अर्धी झाली. आधी गोळी, मग आ करा, मग झरा. बाकीच्या गोळ्यांसाठी त्यांनी घरातलं माणूस जामीन घ्यायला सुरुवात केली. कौसाबाईपुरतं हे काम सुमननं घेतलं. ती बाभळीपाशी उभी राहून रोज ओरडायची, “आये, आ कर!” आणि दहा पावलांवरून आईचं तोंड बघायची.

पुढचं दीड वर्ष कौसाबाईनं एक गोळी चुकवली नाही. घमेलंही चुकवलं नाही. जखम बुजली. चट्ट्यांचा रंग बदलला. तिच्या कानाच्या पाळीतून काचपट्ट्यांवर घेतलेल्या नमुन्यांत जंतू निघाले नाहीत. वाकलेली बोटं मात्र वाकलेलीच राहिली, ती गोळीनं सरळ होत नाहीत. डॉक्टरांनी कागद लिहून दिला, या बाईपासून कुणालाही धोका नाही, घरात राहू शकते. त्याच आठवड्यात निरोप आला, सुमनचं लग्न ठरलं, आठ दिवसांवर हळद आहे.

कागद घेऊन मी आणि चाचा वाडीवर गेलो. किसनचं अंगण, दुपारचं ऊन, भावकीतली चार माणसं, ओट्यावर किसनची म्हातारी आई. कौसाबाई कुंपणाच्या बाहेर उभी, हातात स्वतःचा पाण्याचा तांब्या. बाहेर निघताना स्वतःचं भांडं बरोबर घ्यायची तिला सवयच पडली होती. सुमन दारामागे.

मी कागद मोठ्यानं वाचला. समजावून सांगितलं. जंतू, काचपट्ट्या, सगळं. म्हातारीनं कागद हातात घेतला नाही.

“कागुद मामलेदाराला दावा. आमाला कागदातलं काय कळत न्हाई.” मग ती चाचांकडे वळली. “अत्तारभाऊ, तुमी मशिदीपाशी फुकर मारता, ते ठावं हाय आमाला. हितं पान्यावर फुकर मारा. आन चार लोकांत सांगा, की तुमच्या नबीनं चमत्कार केला नि हिचा रोग गेला. की घेतली तिला घरात. आत्ता.”

भावकीनं माना हलवल्या. किसनचा चेहरा सुटल्यासारखा झाला. त्यालाही हेच हवं होतं. गोळीनं गेलेला रोग परत येईल अशी त्याला धास्ती होती. चमत्कारानं गेलेला येणार नव्हता.

मी चाचांच्या कानाशी लागलो. “चाचा, म्हणा की हो. काय बिघडतंय? बाई घरात जाईल.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तू सांगतोस हे, बीएस्सी?”

मग ते अंगणाच्या मध्ये आले. आवाज चढवला नाही.

“मावशी, फुंकर म्हंजे मागणं. मागायला मी मोकळा हाय, रोज मागतो. हिच्यासाठी दोन वर्षं मागितलंय. पण बरं केलं म्हणून सही कराया मी कोण? ईसा नबींनी सही केली न्हाई, त्याच्या हुकुमानं म्हणाले. मी तर ड्रेसर. आन दुसरं ऐका. आज मी चमत्कार म्हणलो, उद्या ह्या वाडीत दुसऱ्या कुणाला चट्टा उठला, तर तो गोळी गिळंल का? गळ्यात बांधंल. मग त्याची बोटं कुणाच्या हिशोबी धरायची? एकदा माझ्या हातनं झालंय ते. पुन्हा न्हाई.”

कुंपणाबाहेर कौसाबाईनं मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. ह्या माणसानं आपला खरेपणा सांभाळला आणि बाईची हळद घालवली.

चाचा मात्र खाली बसले, जमिनीवर मांडी घालून. “गोष्ट सांगतो,” म्हणाले. “अय्यूब नबींची. हिला म्या सांगितली तवा एक माणूस त्यातनं गाळलं. अय्यूब गावाभाईर पडले. जमीन गेली, गुरं गेली, पोरं गेली, अंग सडलं. समदं गाव भ्यालं. एकच माणूस भ्यालं न्हाई. त्यांची बायको. ती लोकांची कामं करायची, भाकर आणायची, त्यांना भरवायची. सांजच्याला त्यांच्याजवळ बसायची. दहा पावलांवर न्हाई, जवळ. कित्येक वर्षं. किसन, हितं आजारी पडलीय ती बायको हाय. म्हंजे गोष्टीत बायकोची जागा कुणाची?”

किसननं ओट्यावरच्या आईकडे बघितलं.

“मग एक दिवस हुकूम आला. अय्यूब, जमिनीवर पाय आपट.”

आणि चाचा थांबले. मला ठाऊक होतं ते थांबणार. पण त्यांच्याजवळ आज गोळी नव्हती. त्यांनी कुंपणाकडे बघितलं.

“कौसाबाई, तहान लागलीय. पाणी दे.”

ती आत आली. दोन-अडीच वर्षांनी तिचा पाय त्या अंगणात पडला. तिनं तांब्या पुढे केला. दोन बोटं वाकलेली, तीन बोटांत धरलेला. चाचांनी तांब्याला तोंड लावलं, अर्धा रिकामा केला, मिशा पुसल्या आणि तांब्या माझ्यापुढे धरला.

“उष्टं हाय माझं. चालंल? का उपास?”

माझ्या खांद्याला बाटली होती. सगळे बघत होते, पण मला तेवढी कौसाबाईच दिसत होती. तिला ठाऊक होतं. दोन वर्षांहून जास्त काळ ती माझे उपास मोजत आली होती. मी तांब्या घेतला आणि तोंड लावून प्यालो. राखेनं घासलेल्या पितळेची आणि धुराची चव होती. पाण्याचं दुसरं काही झालं नाही. माझं झालं. तेव्हापासून आजवर मी कुणाच्या घरचं पाणी नाकारलं नाही.

मग मी तांब्या किसनकडे नेला. त्यानं आईकडे बघितलं नाही. दारामागून सुमन म्हणाली, “दादा, पी की.” घरात ती बापाला दादा म्हणायची. त्यानं तांब्या उचलला आणि वरून धार धरून, तोंड न लावता, उरलेलं सगळं पाणी पिऊन टाकलं.

“वरनं पी, खालनं पी, पोटात एकच,” चाचा म्हणाले आणि सवयीनं पुढे म्हणाले, “आ कर.”

किसननं खरोखर आ केला. भावकीतला एक जण फसकन हसला, मग सगळं अंगण हसलं, कौसाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून. चाचांचा उजवा हात वर गेला. “आन मग अय्यूबनं पाय आपटला!” त्यांनी जमिनीवर थाप मारली. “गार पाणी निघालं. न्हायला आन प्यायला.”

म्हातारी तेवढी हसली नव्हती. ती रिकाम्या तांब्याकडे बघत होती. मग कुणाकडे न बघता म्हणाली, “सुमे, आईला आत घे. उनात किती येळ हुबी करतीस?”

सगळं गोड झालं असं नाही. म्हातारीनं सुनेचं ताट पुढे दोन वर्षं वेगळं ठेवलं, असं मी ऐकलं. पण हळदीला आम्ही गेलो होतो. सायमननं जीप चालू केली होती, हाही त्या दिवसाचा एक चमत्कारच. कौसाबाई मांडवात बसली होती. आम्हाला बघून तिनं तो हात उंच करून दाखवला. वाकलेल्या दोन बोटांच्या खळग्यात हळद भरलेली. “भाऊ, बगा, ह्यात हळद लई बसती,” म्हणाली. चाचा हसले. मग तोंड फिरवून उगाच कोटाचे खिसे चाचपत राहिले.

पुढच्या वर्षी माझी बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली. चाचा मला सोडायला एस.टी. स्टँडवर आले, हातात सायकल, कॅरिअरला औषधपट्ट्यांची पत्र्याची पेटी. मी खिडकीशी बसलो. ते खाली उभे राहून म्हणाले, “एक गोष्ट तुला सांगायची ऱ्हायली. याकूब नबींची. त्यांचा पोरगा यूसुफ हरवला. रडून रडून त्यांचे डोळे गेले. लांब मिसर देशात यूसुफ मोठा माणूस झाला. त्यानं आपला अंगातला सदरा काढून दिला, म्हणाला, माझ्या बापाच्या तोंडावर टाका. सदरा घेऊन माणसं तिकडनं निघाली मात्र, आन हितं कित्येक मुक्कामांच्या अंतरावर आंधळा म्हातारा घरात म्हणाला, मला यूसुफचा वास येतोय. घरची माणसं म्हणाली, म्हातारा चळलाय...”

ते थांबले.

“मग?” मी विचारलं.

“परत ये. मग सांगतो.”

“चाचा, मी काय पेशंट आहे का?”

“समदे पेशंटच असतेत. गोष्ट अर्धी ठिवल्याबिगर परत येत न्हाईत.”

कंडक्टरनं घंटी मारली. मी परत गेलो त्याला सात वर्षं लागली आणि तोवर ते नव्हते. याकूब नबींच्या गोष्टीचा शेवट पुढे मी वाचला, चांगला आहे, डोळे परत येतात. पण तो वाचलेला आहे, ऐकलेला नाही.

गाडी वळली तेव्हा मी मागच्या काचेतून बघितलं. पायाला चिंध्या गुंडाळलेली एक म्हातारी त्यांच्यापाशी आली होती. भर स्टँडात, भरगर्दीत, चाचा जमिनीवर मांडी घालून बसले होते. मांडीवर वर्तमानपत्र, वर तिचा पाय. बाजूची माणसं जरा लांब सरकली होती. म्हातारीनं मान वर करून आ केला होता. चाचांनी वाकून तिच्या तोंडात नीट बघितलं आणि मग बँडेजच्या गुंडाळीसकट त्यांचा उजवा हात वर गेला.